करडीचं पहिलं वर्ष

२३ जून २०२४

करडी आज घरी आली. फ्लेमिश जायंट जातीची सशाची मादी, आठ आठवडे पूर्ण झालेली. भाजीच्या टोपलीत बसवून काट्यावर ठेवली. टोपली वजा जाता वजन १.७ किलो. बाजारात खोक्यात घालून विकतात ते छोटे ससे पुरते वाढले तरी याच्या थोडेच पुढं जातात.

ही जात बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातली, घेंट शहराच्या आसपासची. तिची प्रमाण लक्षणं पहिल्यांदा १८९३ साली ठरवली गेली. पूर्ण वाढलेली मादी साडेसहा-सात किलोची होते आणि त्याला वर्ष, कधी दीड वर्ष लागतं. लहान जातीचा ससा सहा महिन्यांत पुरता होतो. हिची हाडं मोठी, म्हणून ती सावकाश भरू द्यायची, घाईनं चरबी चढवायची नाही. आणि हे सगळं बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरच्या शिवारात जे पिकतं त्याच्यावर करून दाखवायचं, एवढ्यासाठी या नोंदी. परदेशी टिमोथी गवताचा भाव ऐकला की आमच्या गल्लीतली पोरं ससा बिस्किटावर आणि भाकरीवर पाळतात. मग पहिल्या पावसात हगवण लागते आणि ससा जातो. हे मी लहानपणापासून बघत आले आहे आणि ते थांबायला पाहिजे.

२६ जून

खाणं अजिबात बदललेलं नाही. ज्यांच्याकडून आणली त्यांनी महिनाभर पुरेल एवढी तीच खाद्याची गोळी आणि तेच वाळलं गवत बांधून दिलं. पिलू घेताना गोड दिसण्यापेक्षा ही पिशवी मागून घेणं जास्त महत्त्वाचं. दूध तुटल्यानंतरचे काही आठवडे सशाच्या पिलाला सगळ्यात नाजूक. त्याच्या आंधळ्या आतड्यात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जंतूंची वस्ती नुकती बसत असते, तिच्यावरच त्याचं पचन चालतं. जागा बदलली, आई सुटली, वर खाणंही बदललं की ती वस्ती विस्कटते आणि दोन दिवसांत पिलू हातचं जातं.

शेजारच्या काकू कौतुकानं गाजर घेऊन आल्या. "ससा म्हणजे गाजरच की गं, दे त्याला." त्यांना सांगितलं, काकू, गाजर गोड असतं, मोठं झाल्यावर चवीपुरता तुकडा देऊ. त्या जरा हिरमुसल्या. पाला ठेवून घेतला, तो पुढं कामाला येईल.

पहाटे करडी मान खाली घालून थेट बुडाशी तोंड लावून काहीतरी खाताना दिसली. आजी घाबरली. ही मऊ लेंडी. कठीण गोल लेंड्या टाकायच्या असतात, पण आंधळ्या आतड्यातून येणारी ही मऊ, द्राक्षाच्या घोसासारखी लेंडी ससा परत खातो. तिच्यातून त्याला प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात. ती खाऊ द्यायची.

३० जून

जागा पक्की केली. मागच्या सोप्यात आठ फूट बाय चार फूट, भोवती तीन फूट उंच जाळी. खुराडं केलं नाही. या जातीचं ओझं सगळं मागच्या पायांच्या टाचांवर येतं, जाळीच्या तळावर ठेवलं की तिथली कातडी सोलून जखमा होतात. नुसता कोबाही नको, पाय घसरून पिलाचे खुबे बिघडतात. म्हणून कोब्यावर गोणपाट, त्यावर जाड पिंजर. पिंजर आमच्याच भाताची. ती अंथरायला उत्तम, खायला मात्र तिच्यात फारसं काही नाही. तोंड घातलं तर घालू दे, पण पोट त्याच्यावर भरू द्यायचं नाही. लाकडाच्या वखारीतला भुसा आणला नाही. त्याची धूळ आणि वास सशाच्या श्वासाला बाधतो.

पाण्याला मातीचं जड परळ. नळीच्या बाटलीतून ससा थेंब थेंब पितो, परळातून पोटभर.

७ जुलै

वजन २.३. पाऊस लागून राहिलाय.

आता गवताचा खरा प्रश्न. सशाच्या खाण्यात दहातले आठ हिस्से गवत पाहिजे आणि बाकी सगळं त्याच्या मागून. यात दोन कारणं आहेत. एक, त्याचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत दाढेखाली आडवं घासूनच ते झिजतात, गोळी नुसती चुरली जाते. दुसरं, आतडं हलतं राहायला लांब तंतू लागतो.

गेल्या हंगामातली डोंगरी गवताची गंजी दादाच्या मित्राच्या गोठ्यावर आहे. राजहंसगडाच्या उतारावरचं गवत. पेंढी उचलून बघितली तर निम्मी कुसळी. कुसळ हिरडीत आणि जिभेखाली रुततं, ससा खाणं सोडतो आणि कारण सापडत नाही. ती पेंढी अंथरायलाही घेतली नाही. दुसऱ्या बाजूची मारवेलची पेंढी चांगली निघाली, हिरवट, वास गोड. मधली दमट पेंढी बुरशीचा वास आला म्हणून म्हशीलाही टाकू दिली नाही. "वास घेऊन बघुलीस होय गवताचा?" म्हणून दादाचा मित्र हसला, पण नंतर स्वतःच एकेक पेंढी हुंगून द्यायला लागला.

नव्या गवतावर दहा दिवसांत आणायचं: आधी जुन्यात चिमूटभर, मग पाव हिस्सा, मग निम्मं.

१६ जुलै

लसूणघास, म्हणजे अल्फाल्फाचा चारा, सुरू. कडोलीच्या बाजूच्या एका दुभत्या जनावरांच्या मळ्यातून आणतो, सोप्यातल्या पंख्याखाली एक रात्र सुकवून मगच देतो. पूर्ण वाढलेल्या सशाला लसूणघास जड. तिच्यात प्रथिनं जास्त आणि कॅल्शियम साध्या गवताच्या कितीतरी पट. सशाचं शरीर खाल्लेलं कॅल्शियम गरज असो-नसो ओढून घेतं आणि उरलेलं लघवीतून टाकतं. पण हाड वाढवणाऱ्या पिलाला तेच लागतं. लहान जातीला साधारण सहा महिन्यांनी बंद करतात. करडीला थोडी पुढंपर्यंत देणार, हळूहळू कमी करत.

गोळीत प्रथिनं सोळा-सतरा टक्के, तंतू अठराच्या वर, हे पोत्यावर वाचूनच घ्यायचं. गव्हाचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, रंगीत तुकडे मिसळलेलं खाद्य नको. ससा त्यातलं गोड-तेलकट वेचतो आणि बाकी टाकतो. कोंबडीचं खाद्य तर कधीच नाही. त्यात रक्ती हगवणीवरची औषधं मिसळलेली असतात आणि त्यातली काही सशाला विषारी ठरतात.

२८ जुलै

वजन ३ किलोला टेकलं. बारा आठवडे उलटले, आता पाला. एका वेळी एकच, चार दिवस लेंडी बघायची, मग दुसरा. कोथिंबीर, मग मुळ्याचा पाला, मग काकूंच्या गाजराचा पाला. जास्वंदीची पानं मनापासून खाते. पालक क्वचितच, कोबी नाही, कांदा-लसूण कधीच नाही.

शेतातून आणायच्या पाल्याला आमच्या घरात नियम केलाय: बांधावरचं गवत कापायचं नाही. हल्ली बांधावर तणनाशक मारतात आणि कधी मारलं ते विचारल्याशिवाय कळत नाही. कोवळी ज्वारी नको, तिच्यात जनावर मारणारं विष असतं. घाणेरी, रुई, धोतरा, कण्हेर आणि गाजरगवत यांची ओळख पोरांना झाडापाशी नेऊन करून दिली.

५ ऑगस्ट

लघवी लाल. आईनं रक्त म्हणून फडकं दाखवायला आणलं. करडी खाते-पिते, उड्या मारते, लेंडी ठीक. पाल्यातल्या रंगद्रव्यानं सशाची लघवी पिवळीपासून विटकरीपर्यंत कशीही होते. खरं रक्त बरेचदा ठिपक्यांनी किंवा गुठळ्यांनी येतं, पण नुसतं बघून खात्री होत नाही. म्हणून नमुना बेळगावात तपासून घेतला. रक्त नाही.

१९ ऑगस्ट

कानात आतल्या बाजूनं तपकिरी खपली, सारखी डोकं झटकते. कानातली खरूज. पावसाळी दमटपणात ही आपल्याकडं घरोघरी दिसते. खपली ओढून काढायची नाही, खाली कातडी उघडी पडते आणि जीव जातो एवढं दुखतं. डॉक्टरांनी वजन करून आयव्हरमेक्टिन दिलं, दोन आठवड्यांनी परत. खपली आपोआप सुटेल.

इथं एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. कुत्र्याच्या गोचिडांवर मारतात ते फिप्रोनिलचं औषध सशाला लावायचं नाही, त्यानं ससे मरतात. तसंच पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन तोंडावाटे द्यायचं नाही. माणसाला चालतं म्हणून घरातली उरलेली गोळी चुरून पाजणारे लोक मला माहीत आहेत. त्या औषधानं आतड्यातले चांगले जंतू मरतात, घातक वाढतात आणि ससा हगवणीनं जातो.

रोज संध्याकाळी बुडाखालची लव उलटून बघणं चालू आहे. ओल्या, घाणेरड्या लवेत माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडून कातडी पोखरतात. पिंजर रोज बदलायची ती यासाठी.

२ सप्टेंबर

वजन ४.२. उचलण्याबद्दल. घरी येणारा प्रत्येक पाहुणा हात पुढं करतो तो कानाकडं. कान धरून उचलणं म्हणजे छळ. आणि हिचे मागचे पाय इतके ताकदवान की हवेत नुसतं झटकलं तरी स्वतःचाच कणा मोडू शकतो. एक हात छातीखाली, दुसऱ्या हातानं बूड उचलून अंगाशी घट्ट धरायचं. पोरांनी उचलायचंच नाही, जमिनीवर मांडी घालून बसायचं, ती आपणहून येते.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. बेळगाव आणि सार्वजनिक गणपती यांचं नातं जुनं, १९०५ साली लोकमान्य टिळकांच्या हस्ते झेंडा चौकात सुरू झालेला उत्सव आजही तितक्याच जोरात होतो, आणि आम्ही सगळे त्यात असतो. गावातली मिरवणूक आमच्या दारावरून गेली. करडीला आधीच आतल्या खोलीत हलवलं होतं, दारं लावून, गोधडी टांगून. तरी फटाक्यांच्या माळा जवळच वाजल्या.

पहाटे पाचला बघितलं तर रात्रीचं गवत तसंच. लेंडी नाही. पाठ कमानीसारखी काढून कोपऱ्यात बसलेली, दात करकर वाजवत होती, कान गार. आतडं थांबल्याची ही लक्षणं. सशाला ओकता येत नाही. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही की आतडं मंदावतं, वायू साठतो, दुखतं, दुखतं म्हणून आणखी खात नाही. "उद्यापर्यंत बघूया" हा विचार सशाच्या बाबतीत करायचा नाही.

डॉक्टरांना उठवलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, फुगून कडक झालेलं नाही आणि अडथळा नाही याची खात्री केली. मग कातडीखाली कोमट सलाईन, दुखणं थांबवणारं इंजेक्शन, आतडं हलवणारं औषध. त्यानंतर घरी गोळी कोमट पाण्यात भिजवून, गाळून, सुईशिवायच्या सिरिंजनं ओठाच्या कडेनं थोडं थोडं. अडथळा असेल तर असं भरवणं धोक्याचं, म्हणून आधी डॉक्टर, मग सिरिंज. दादा दिवसभर तिच्या शेजारी बसून होता. दुपारी तीनच्या सुमारास पहिल्या बारक्या लेंड्या पडल्या. आजीनं देवापुढं साखर ठेवली.

२१ सप्टेंबर

पूर्ववत. लेंड्या गोल आणि मोठ्या. पाला अजून बंद, फक्त गवत.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला, रताळी निघायला लागली. बेळगावच्या पश्चिमेच्या गावांतून रताळ्याच्या गाड्या मार्केटला जातात आणि मागं वेलाचे ढीग शेतात उरतात. म्हशी खातात तेवढे, बाकी कुजतात. रताळ्याचा वेल सशाला फार चांगला. पानात प्रथिनं भरपूर, देठात तंतू, आणि उष्ण प्रदेशात ससे पाळणारे लोक जगभर तो चारतात. करडीनं पहिल्या पानापासून तोंड काढलं नाही. रोज एक जुडी, अर्धा दिवस सुकवलेली. कंद मात्र नाही, तो पिठूळ.

हे लिहिताना आनंद होतो, कारण मला याच शोधात राहायचं होतं. आपल्या मातीतलं, फुकटात पडून असलेलं, आणि परदेशी पुड्यातल्या पाल्यापेक्षा ताजं. पण शेजारच्याच वावरात बटाट्याचा पाला पडलेला असतो. तो विषारी. दोन्ही ढीग एका बांधावर असले की आणणाऱ्याला पान ओळखता आलं पाहिजे. रताळ्याचं पान अखंड, हृदयाच्या आकाराचं किंवा बोटांसारखं कापलेलं. बटाट्याचं पान लहान-मोठ्या पानोळ्यांचं, लवदार.

गवताची तजवीजही याच महिन्यात. फुलोरा येता येता कापलेलं मारवेल सांगून ठेवलंय, दाणे झडून गेलेलं नको. कडक उन्हात दोन दिवस, मग सावलीत, म्हणजे हिरवेपणा टिकतो.

३ नोव्हेंबर

वजन ५.४. सहा महिने झाले. दिवाळीत आधीच सगळी काळजी घेतली: आतली खोली, पंखा चालू, शेजारी आम्हीच. खाणं सुटलं नाही.

गोळी आता मोजून. आतापर्यंत वाढीपुरती मोकळी होती, आता रोज दीड मूठ सकाळी, अर्धी रात्री. हाताला कणा आणि बरगड्या लागल्या पाहिजेत, पण टोचता कामा नयेत. गळ्याखाली बैलाला असते तशी पोळी सुटायला लागली आहे. मादीला ती असतेच, तिच्यावरून जाड ठरवायचं नाही.

१५ डिसेंबर

नात्यातल्या एका पोरानं निपाणीकडून उसाच्या फडात सापडलेलं सशाचं पिलू आणलं. "ताई, तुझ्याकडं एक हाय की, हे पण ठेव." मुठीएवढं, पण डोळे उघडे, अंगावर पूर्ण लव. हा आपला रानससा. पाळीव सशाची पिल्लं जन्मताना उघडी आणि आंधळी असतात, रानसशाची अशी तयार. दोघांची जातकुळीच वेगळी. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि तो घरात जगतही नाही. त्याची आई पिलाला दिवसभर एकटं सोडून संध्याकाळी एकदाच दूध पाजायला येते, म्हणून लोकांना ते अनाथ वाटतं. दादानं त्याच संध्याकाळी गाडीनं नेऊन, तोडणी झालेल्या पट्ट्याच्या बाजूच्या उभ्या उसात, सापडलं त्याच्याजवळच ठेवलं. पोराला सोबत नेलं, म्हणजे पुढच्या वेळी तो उचलणार नाही.

१२ जानेवारी २०२५

करडी तोंडात गवताचे भारे घेऊन कोपऱ्यात रचते, छातीची लव उपटून त्यात घालते. नर नाही, तरी खोटा गाभ. सोळा-अठरा दिवसांत उतरतो. घरटं मोडलं नाही, तिला त्यात बसू दिलं.

डॉक्टरांशी ऑपरेशनचं बोललो. गर्भाशय न काढलेल्या मादीत वय वाढेल तसं गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण खूप वाढतं. पिल्लं घ्यायची नाहीत हे पहिल्यापासून ठरलेलं. मोठ्या जातीत शरीर भरल्यावर करणं बरं, म्हणून फेब्रुवारीत.

१६ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. सशांची शस्त्रक्रिया रोजच्या रोज करणारे डॉक्टर विचारपूस करून शोधले, हे सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. कुत्र्या-मांजराला आदल्या रात्री उपाशी ठेवतात, सशाला ठेवत नाहीत. ओकण्याची भीती नाही आणि रिकामं आतडं थांबण्याची भीती मोठी. सकाळपर्यंत गवत खात होती. घरी आल्यावर दोन तासांत कोथिंबीर, रात्री गवत. दुखण्याचं औषध चार दिवस चालू. टाके कोरडे.

३० मार्च

वजन ६.३. लसूणघास पूर्ण बंद. दिवसाचं खाणं आता असं: मारवेल लागेल तेवढं, सदैव समोर. पाला दोन-तीन प्रकारचा मिळून मोठी परात. गोळी दोन मुठी होती ती दीडवर. गोड म्हणून आठवड्यातून एकदा पपईची फोड नाहीतर काकूंचं गाजर, अंगठ्याएवढं. काकू आता स्वतः अंगठा लावून कापतात.

लव झडू लागली. रोज फणी करते, नाहीतर ती चाटून पोटात जाते.

२० एप्रिल

सोप्यात दुपारी ३४ अंश. बेळगावची हवा थंड म्हणून नाव असलं तरी एप्रिल सशाला कठीण. त्याला घाम येत नाही, उष्णता कानांतल्या शिरांवाटे टाकतो. तिशीच्या वर गेलं की मोठ्या जातीला पहिला त्रास. अकरा वाजता तिला मंगळुरी कौलांच्या खोलीतून मातीच्या भिंतीच्या कोठीत हलवतो. फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली गोणपाटात गुंडाळून शेजारी, ती तिला टेकून झोपते. खिडकीला ओलं पोतं. दर तासाला ओल्या हातानं कान पुसणं. अंगावर थंड पाणी ओतायचं नाही, धक्का बसतो. तोंड उघडून धापा टाकायला लागली, नाक ओलं झालं, तर तो उष्माघात. तेव्हा कान ओले करत तसंच डॉक्टरकडं.

पाणी दिवसाला पाऊण लिटर जातंय. परळ दोन ठेवली.

गल्लीतला एक पोरगा सुट्टीत ससा आणणार म्हणतोय. त्याला मारवेलच्या पंधरा पेंढ्या आमच्या गंजीतून काढून ठेवल्यात. ससा आणण्याआधी जाळी, गोणपाट आणि गवत त्याच्या सोप्यात लागलेलं मी जाऊन बघणार आहे.